इवलेरावाची पालखी आणि सटवाजी दारोग्यांचे माप

श्रीगजाननाचे चरणी मस्तक, शारदेचे चरणी लेखणी, आणि उंबऱ्यात आडवे निजलेल्या श्वानास न तुडविता आत येऊन ही हकीकत मांडिली आहे, ती थोरांनी मांडी ठोकून ऐकावी. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर. ते समयी एका राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, महाराज सुखे नांदत होते, आणि प्रजा पोटभर जेवीत होती, आणि राज्यास दुखणे एकच, की महाराजांस कुत्र्यांची प्रीती फार आणि कुत्र्याचा केस नाकात गेला की शिंक अनावर. सामान्य मनुष्य शिंकला तर उपरण्यास नाक पुसतो. महाराज शिंकले की बुरुजावरचा गोलंदाज तोच हुकूम समजून तोफ डागी, आणि शेजारचे राजे घाबरून शरण येत, आणि मग त्यांची समजूत घालून त्यांस परत राज्यावर बसविण्यात आमचे मुत्सद्दी थकून जात.

तेव्हा एक टोपीकर सौदागर पूडल जातीचा कुत्रा घेऊन आला, अंगावर मेंढरासारखे कुरळे केस आणि ते गळत म्हणून नाहीत. मग राणीसाहेबांनी विचार केला की महाराजांच्या लाडक्या सोनेरी कुत्रीशी याची सोयरीक जमवावी, आणि जमविली, आणि पहिली पिढी जन्मास आली. त्या पिढीत कोणाचे केस कुरळे, कोणाचे सरळ, भरवसा काही नाही. सरळ केसांच्या एका पिल्लाने भर दरबारात अंग झाडिले, आणि शेजाऱ्यांनी शरणागतीसोबत या खेपेस आंब्यांच्या करंड्याही पाठविल्या. मग त्या पिढीतली एक लेक दुसऱ्या पूडलास दिली, जेणेकरून पुढच्या पिल्लांत पूडलाचा वाटा बारा आणे आणि सोनेरी आजीचा चार आणे व्हावा. ती पिल्ले कुरळी निघाली. त्यातले एक तळहातावर मावणारे राणीसाहेबांनी उचलिले, त्याचे नाव इवलेराव ठेविले, आणि महाराजांनी त्यास नाकाशी धरिले, आणि शिंक आली नाही, आणि गोलंदाज स्वस्थ राहिला.

आता त्या राज्याचा रिवाज ऐसा, की सरकारी श्वान दसऱ्यास पालखीत बसून सीमोल्लंघनास जाई, आणि ते वाढून केवढे होईल याचे माप श्वानखान्याच्या दारोग्याने पिल्लूपणीच सांगावे, आणि त्या मापाची पालखी होऊन तिची पूजा व्हावी, आणि पूजेनंतर तीस रंधा लावू नये. पालखी रिकामी नेणे अशुभ. श्वान न मावल्यास ज्याने माप सांगितले त्याने स्वतः आत बसावे.

ते समयी दारोगे सटवाजी कोलते होते. मनुष्य सज्जन, पण अर्धी हयात वतनांच्या वाटण्या करण्यात गेलेली. आजोबाचे शेत बापाकडे निम्मे, नातवाकडे निम्म्याचे निम्मे, हेच त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले, आणि म्हणून त्यांची खातरी जाहाली की कुत्रेही ऐसेच वाटले जाते. आजी कमरेइतकी, मग लेक तिच्या निम्मी आणि नातू लेकीच्याही निम्मा. लेक आजीहून चार बोटेच कमी भरली होती, पण सटवाजींनी विचार केला, वाटणी अजून पुरी झाली नसेल.

सौदागर म्हणाला, "दारोगेसाहेब, पिढीवरून केसांचा अंदाज येतो, उंचीचा नाही. पूडलातही उंच, मध्यम आणि कुशीतले असे प्रकार आहेत. हा बाप उंचातला. आधी आईबाप पहा, मग बोला."

सटवाजी हसून बोलिले, "अहो, आमच्याकडे पिढीवरून जमीन मोजतात, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात!" आणि त्यांनी भर दरबारात माप सांगितले, आणि कोंडाजी सुताराने तेवढीच पालखी केली, मांजराला सैल आणि वासराला अशक्य.

मग इवलेराव वाढू लागला. आधी तो राणीसाहेबांच्या ओंजळीत मावेना, मग मांडीवर मावेना, मग राणीसाहेबच त्याच्या पाठीला टेकून विडा खाऊ लागल्या. सटवाजींनी मनास समजाविले की आता थांबेल. सौदागराने सांगितले, "लहान चणीचे कुत्रे वर्षाच्या आत थांबते. थोराड असेल ते दीड वर्षही वाढते." त्या दिवसापासून सटवाजींस अन्न गोड लागेना, कारण दसऱ्यास त्यांचे सासरचे सगळे गोत वेशीपाशी उभे राहणार होते, आणि जावई कुत्र्याच्या पालखीतून आलेला त्यांनी पाहावा, हे मरणाहून वाईट. मग त्यांनी न्हावी बोलावून इवलेरावाचे केस कापविले. केस गेले, कुत्रे तेवढेच राहिले.

घरी त्यांची आई म्हाळसाबाई तांदूळ निवडीत बसली होती. तिने विचारिले, "तोंड का पाडलेस?"

"आई, हिशेब चुकायला नको होता गं. वाटा निम्मा, माप निम्मे."

"मेल्या, पिलू घरी दाखवायला आणलेस तेव्हाच त्याचे पंजे म्या पाहिले. पुरणपोळीएवढे होते! आणि निम्मे कसले? तुझा बाप हत्तीच्या अंबारीत वाकून बसायचा, आणि मी ही एवढीशी. तुझी बहीण चौकटीला कपाळ आपटते, आणि तू फळीवरचा डबा काढायला पाट मागतोस. एकाच आईबापाची ना तुम्ही? कुठे झाली निम्मी वाटणी?"

सटवाजींनी फळीखालचा पाट पायाने हळूच दाराआड सारिला.

मग दसरा उजाडला, आणि चौघडा वाजला, आणि भोयांनी पालखी ठेविली. इवलेरावाने पुढचे पाय आत घातिले आणि मोठ्या खुशीने शेपूट हालविली, ती बाहेरच होती, आणि तिच्यासोबत बाकीचा बराच कुत्राही बाहेर होता. एक भोई म्हणाला, "दारोगेबुवा, पुढला अर्धा मावतोय. मागल्याची दुसरी पालखी सांगा." लोक हासले. राणीसाहेबांस दया आली, पण रिवाज तो रिवाज. मग सटवाजींनी पागोटे नीट केले, देवाचे नाव घेतिले, गुडघे पोटाशी धरिले आणि आत शिरले. आणि काय सांगावे! खांदे बरोबर, पाठ बरोबर, वर पागोट्यापुरती जागा. कोंडाजी सुतार वाकून पाहून बोलिला, "आयला, जणू दारोग्यांचंच माप घेऊन केली!" भोयांनी खांदा दिला, आणि इवलेराव शेजारी चालू लागला, आणि चालता चालता त्याने आपले भले थोरले कुरळे मस्तक पालखीत घालून सटवाजींच्या मांडीवर ठेविले. साऱ्या कुत्र्यात मांडीवर मावेल असे तेवढेच होते, आणि ते मावले.

वेशीपाशी सासरे उभे होते. त्यांनी पाहिले की सरकारी पालखीत जावई, आणि महाराज बाजूने घोड्यावर, आणि त्यांनी तेथेच आडवे होऊन नमस्कार घातिला. महाराज इवलेरावास कुरवाळीत शमीच्या झाडापर्यंत गेले आणि एकदाही शिंकले नाहीत. तेव्हा शेजारच्या राजाने जासूद धाडिला, की तोफ ऐकू आली नाही, सर्व कुशल आहे ना?

गर्दीत कोणी म्हाळसाबाईस म्हटले, "बाई, तुझ्या लेकाचे माप साफ चुकले की!" ती बोलिली, "माप कुठे चुकले? कुत्रे चुकले."

ऐसे वर्तमान जाहाले. पुढे सटवाजी बहुत वर्षे दारोगे राहिले, आणि कोणी पिल्लू दाखवून किती वाढेल पुसले, तर आधी आईबाप पाहात, मग पंजे पाहात, मग म्हणत, "दीड वर्षाने या." दसऱ्यास मात्र इवलेरावास नवी पालखी करण्याचा विषय निघाला, की तेच घाईने म्हणत, "असू द्या, आहे ती बरी आहे."