फळ्याच्या तिसऱ्या रकान्यात नाना

एक जूनला सकाळी सहा वाजता भाग्यश्री मारुतीच्या पारावरच्या फळ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात एक खडू होता, कडेवर दोन वर्षांची साई होती आणि साईच्या तोंडात दुसरा खडू होता.

"थू कर. साई, थू! पोटात फळा उगवेल हं."

मखमलाबादच्या त्या गल्लीत रोजचा दिनविशेष लिहिण्याचं काम भाग्यश्रीनं हट्टानं मिळवलं होतं. साई झाल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सुटली, आणि दिवसभरात एक वाक्य धड पुरं करता येईल असं निमित्तच उरलं नाही. घटना, जन्म, मृत्यू असे तीन रकाने आणि त्यांत तीन-तीनदा तपासलेल्या तारखा, एवढंच काय ते तिचं स्वतःचं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे मोतीनानांनी, परवानगी देतानाच बजावलं होतं, "गावात आपलं नाव हाय, सूनबाई. एक चूक झाली, की खडू ठिवायचा खाली."

आज घटनांमध्ये एस.टी.ची पहिली गाडी होती, मृत्यूमध्ये हेलन केलर. खरी कसरत जन्माच्या रकान्यात होती. जुन्या गुरुजींनी शाळेत नावं घालताना "आंब्याच्या दिवसात झाला", "म्हैस व्याली त्याच्या आदल्या दिवशी" असल्या तिथ्या ऐकून ऐकून वैतागून सगळ्यांना सरसकट एक जून लावून टाकली होती. त्यामुळे गल्लीतले आठ म्हातारेकोतारे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले होते. भाग्यश्रीनं घरोघरची आधार कार्डं बघून यादी केली होती. सालं मात्र गाळली, कारण वय फळ्यावर आलं तर फळा फोडीन, असं त्यांतल्याच कुसाबाईंनी आधीच कळवलं होतं. आणि आपल्या घरचं माणूस पुढे कशाला मिरवायचं, म्हणून नानांचं नाव सगळ्यात शेवटी.

सात नावांतच रकाना भरला. शेजारी हेलन केलरच्या खाली हातभर जागा मोकळी होती. तिथे तिनं 'श्री. मोतीराम (नाना)' असं लिहिलं आणि कुणाचा गैरसमज नको म्हणून जन्माच्या रकान्याकडे जाणारा ठळक बाण काढला. तीनदा वाचलं. निघायला वळली, तेव्हा कडेवरच्या साईनं फळ्याला टाटा केला, तो अगदी तळहात टेकवून. तेवढं मात्र भाग्यश्रीनं पाहिलं नाही.

साडेआठला ती साईला न्हाऊ घालत होती. शेजारच्या लंकाबाई डोळ्यांना पदर लावून आत आल्या.

"सरू! अगं, नाना गेलं गं!"

सासूबाई भाकरी थापत होत्या. "गेलं की. पाच वाजताच. मोगरा घेऊन फूलबाजारात."

"तसं नाय गं. कायमचं!"

भाकरी परातीतच राहिली. भाग्यश्रीच्या डोळ्यांपुढे कुंभमेळ्यासाठी खोदलेला रस्ता, आडवा टेम्पो, विखुरलेला मोगरा असं सगळं क्षणात उभं राहिलं. असल्या गोष्टी उभ्या करायला तिला कधीच वेळ लागत नसे.

"कोणी सांगितलं, मावशी?"

"फळ्यावर आलंय! ती कोण हेलनबाई गेलीय, तिच्याच खाली नाव हाय. कैलासवासी लिहायचं राहिलं तुझं, पण घाईत व्हतं तसं."

"फळ्यावर आलंय?" सरूबाईंनी हंबरडा फोडला. "मग खरंच असणार! माझी सून तीन-तीनदा तपासती!"

फळ्यावर आपणच लिहितो, हे ध्यानात यायला भाग्यश्रीला दोन क्षण लागले. मग ती साबणाच्या हातांनीच धावली. "आई, रडू नका! नाना ठीक आहेत. तो जन्म आहे!"

"आता कुठला जन्म, पोरी!"

तिनं नानांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. फूलबाजाराच्या गलक्यात नाना फोन कधीच ऐकत नसत, हे तिला ठाऊक होतं. तरी पाचव्यांदा फोन वाजून बंद पडला, तेव्हा तिच्या मनात आलंच, आपण लिहिलं म्हणून तर काही झालं नसेल?

नऊपर्यंत ओटा भरला. "नाना आहेत हो," असं ती प्रत्येकाला सांगत होती आणि प्रत्येक जण तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होता, "असंच वाटतं, बाळा. पहिले चार दिवस असंच वाटतं."

तेवढ्यात गल्लीतला बारकू आला. खांद्यावर फवारणीचा पंप. हा पंप आपण नेलाच नाही, असं तो तीन वर्षं देवाशपथ सांगत होता.

"नानाचा हाय," पंप ओट्यावर ठेवत तो पुटपुटला. "गेलेल्या माणसाची वस्तू घरात नको. सपनात यिऊन मागंल."

ते ऐकून लंकाबाई उठून घरी गेल्या आणि साईच्या बारशाला इथून नेलेलं मोठं पातेलं परत घेऊन आल्या.

भाग्यश्रीनं साईला उचललं, ओलं फडकं घेतलं आणि पाराकडे धूम ठोकली. फळ्यावर बाणाच्या जागी साईचा पंजा उमटला होता. ती पुसणार, इतक्यात पाराच्या मागून कुणीतरी हळूच हाक मारली, "सूनबाई."

गल्लीतल्या नाथाच्या मोटरसायकलवर मागे नाना बसले होते. मांडीवर हातभर लांबीचा हार.

"ह्यो नाथा माझ्याच दुकानावर आला," नाना म्हणाले. "मान खाली, डोळे लाल. म्हनला, चांगला जाड हार द्या. मी निवडून निवडून मोगरा घातला. कुनासाठी रं, इचारलं, तर म्हनतो मोतीनानासाठी!"

"मग मी वर बघितलं," नाथा म्हणाला. अजूनही त्याचा आवाज कापत होता.

भाग्यश्रीनं मान खाली घातली. "चूक झाली, नाना. बाण काढला होता मी. साईचा हात..." तिनं कमरेला खोचलेला खडू काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

नानांनी फळा वाचला. मग पाराच्या आडून मान काढून ते समोरच्या आपल्या ओट्याकडे बघत राहिले. पंप. पातेलं. पुन्हा पंप. त्यांच्या मिशा हलल्या.

त्यांनी खडूला हात लावला नाही. तिच्या हातातलं ओलं फडकं मात्र काढून घेतलं.

"पुसू नको," ते कुजबुजले. "सासूला आत नेऊन कानात सांग, मी हाय म्हनून. पन रडू दे म्हनावं अजून घटकाभर. कुसाबाईकडं आपली शिडी हाय."