बाभळीच्या फांदीची पाहणी

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही नियमाने चालायचं. नियम कोणी केले ते विचारू नका. विचारायचं असेल तर आधी अर्ज करावा लागे.

त्या जंगलात गोजरी नावाची सुगरण राहत होती. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते आणि बिचारीला घर नव्हतं. तळ्यावर झुकलेल्या बाभळीची एक बारीकशी फांदी तिने हेरून ठेवली होती. बारीकच हवी, म्हणजे साप येत नाही. दुसरी कोणी असती तर तिने लगेच विणायला घेतलं असतं. पण गोजरी पडली सरळमार्गी. तिने जंगलपालिकेत रीतसर अर्ज दिला.

जंगलपालिकेचे घरटे-अधिकारी होते अस्वलराव. ते जातीने पाहणीला आले. मोजमापाला त्यांचे दोन मेहुणेही होते.

“फांदी मजबूत आहे का ते बघावं लागेल,” म्हणत अस्वलराव झाडावर चढू लागले.

“अहो साहेब, राहणार मी आहे! तुम्ही नाही!”

“बाई, नियमाला लहानमोठं कळत नाही. फांदीने समितीचा भार पेलला पाहिजे.”

मागोमाग मेहुणेही चढले. कडाड्‌कन फांदी मोडली आणि अख्खी समिती तळ्यात पडली. निथळत बाहेर येऊन अस्वलरावांनी शेरा मारला, “फांदी अस्तित्वात नाही. अर्ज नामंजूर.”

गोजरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने थेट जंगलपालिकेविरुद्ध तक्रार ठोकली. आणि काय सांगू, तक्रारीची ताबडतोब दखल घेतली गेली! चौकशीला अस्वलरावच आले, कारण प्रकरणाची सगळी माहिती त्यांनाच होती.

“फांदी मोडली कशी?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही चढलात म्हणून!”

“असं नुसतं म्हणून चालत नाही, बाई. करून बघावं लागेल.”

समिती शेजारच्या फांदीवर चढली. तीही गेली.

आता तळ्यावर एकच बारीक फांदी उरली. गोजरी तिच्यावर बसून रडू लागली. वर शेंड्याला डोमकावळ्याचं काटक्यांचं नि तारांचं घरटं होतं. ते कसंही बांधलेलं होतं, पण शाबूत होतं.

“कावळेदादा, तुमची नाही का हो पाहणी झाली?”

“मी अर्ज कुठे केलाय?” कावळा म्हणाला. “केला असता, तर आज बसलो कुठे असतो?”

गोजरीला स्वतःचाच राग आला. मग तिने डोळे पुसले आणि गवताची पहिली काडी आणायला उडाली.

बऱ्याच दिवसांनी अस्वलराव तक्रारीचं उत्तर घेऊन आले. बाभळीखाली उभं राहून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. “या झाडावर घरटं बांधणं अशक्य आहे, असा समितीचा एकमताने निष्कर्ष आहे.”

तेवढ्यात वरून चिवचिव ऐकू आली. अस्वलरावांनी मान वर केली.

“हे काय लोंबतंय?”

गोजरी झटकन घरट्याच्या तोंडाशी येऊन बसली. आत तिची पिल्लं होती. अजून पंखही न फुटलेली.

“साहेब,” ती कशीबशी म्हणाली, “याच्यासाठी तुमच्याकडे अर्ज आलाय का?”

अस्वलरावांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी माना हलवल्या. अर्ज आला नव्हता.

“मग पाहणी करायची का, साहेब?” धाकट्याने विचारलं. तो एक पाय खोडावर ठेवून तयारच होता.

“वेडा आहेस का?” अस्वलराव त्याच्यावर खेकसले. “अर्जाशिवाय पाहणी? बेकायदा होईल ते!”

त्याला दंडाला धरून ते तडक निघून गेले. गोजरीचा जीव भांड्यात पडला आणि ती पिल्लांसाठी किडे आणायला गेली.

तात्पर्य : बाळांनो, खोटं कधी बोलू नये. वडीलधाऱ्यांचा मान राखावा. आणि घर उभं राहावं असं मनापासून वाटत असेल, तर परवानगी मागू नये.