वीस टक्के धोटे

आमच्या रायपूरच्या कॉलनीत विजेची गाडी एकच आहे, आणि तिला धक्का मारला नाही असा माणूस एकही नाही.

गाडी शेजारच्या धोटेभाऊंची. बायको गेलेली, घरात एकटेच. वीज मंडळात जन्म काढलेला हा माणूस, आणि स्वतःची गाडी चार्ज करायला विसरतो! कधी गुढियारीत भर बाजारात बंद पडणार, कधी ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी. मग खिडकीतून मुंडकं काढून, "वहिनी, जरा हात लावता काय?"

"चार्जिंगला काहून नाही लावत?"

"आहे नं अजून. वीस टक्के आहे."

कॉलनीनं त्यांचं नावच वीस टक्के ठेवलं.

गाडी मुलानं, मंदारनं, पुण्याहून घेऊन दिली. तो आला नाही, गाडी आली. भाऊंना तिचं कोण कौतुक! बाकी आम्ही सगळे 'पेट्रोलवाले'. "तुम्ही पेट्रोलवाले भाजीच्या एका चकरेत जेवढं जाळता, तेवढ्यात मी आठवडाभर फिरतो." फिरत असतील. पण मेकॅनिकनं माझ्यादेखत बजावलं होतं, बॅटरी सारखी तळाला नेली तर लवकर मरेल, आणि नवी घ्यायची म्हणजे अर्धी गाडी घेतल्यासारखं.

"पेन्शनीत अर्धी गाडी बसते काय?" मी विचारलं.

"पाहू नं."

मे महिन्यातल्या एका दुपारी वाळलेले कपडे काढायला अंगणात आले, तर भाऊ उभ्या गाडीत बसलेले. एसी सुरू, रेडिओ सुरू, आणि रायपूरच्या त्या उन्हात हेडलाइटही सुरू. मी काच ठोठावली.

"घरी कूलर नाही काय? बॅटरी मारून राहिले तुम्ही!"

उत्तर द्यायच्या आत त्यांचा फोन वाजला. चेहरा एकदम खुलला. "हव बेटा... लावतो, आत्ताच लावतो. जेवलो नं, दोडक्याची भाजी केली. तू जेवला?" पलीकडून फोन केव्हाच बंद झाला होता.

"वीसच्या खाली गेली का त्याच्या फोनवर घंटी वाजते," ते ओशाळून म्हणाले. "मंग लावते तो फोन."

"अन् एरवी?"

"एरवी बिझी राहते."

मागच्या आठवड्यात मंदारचा मला फोन आला. पोट्ट्याला मराठी कळते, बोलतो हिंदीत. "आंटी, पापा रोज भूल जाते हैं. वो अलर्ट मैंने अपने फोन से हटाकर आपके नंबर पर डाल दिया है. आप बगल में ही हैं, प्लग लगा दिया करिए, प्लीज."

"बाबांना सांगितलं का?"

"आप ही बता दीजिए ना. मीटिंग है."

काल दुपारी माझा फोन किणकिणला. बाहेर पाहिलं. भाऊ गाडीत, एसी सुरू, दिवे सुरू. फोन समोर टेकवून ठेवलेला, आणि डोळ्यांवर वाचायचा चष्मा.

सांगून टाकावं म्हणून गेले. प्लग हातात घेतला तशी त्यांनी काच खाली केली.

"आता नका लावू, वहिनी. येतेच त्याचा फोन."

मी प्लग खाली ठेवला, पलीकडचं दार उघडलं आणि शेजारी बसले.

"एसी वाढवा जरा," म्हटलं.