शंभर पावलांना तीन रुपये

माणूस आणि लेथ मशीन, दोघांचं शास्त्र एकच, असं नीलकंठरावांचं ठाम मत होतं. तेल घातलं की चालतात. मशीनला मशीनचं तेल, माणसाला पैसा. पस्तीस वर्षं त्यांनी जबलपूरच्या फॅक्टरीत पीसवर्कवर, म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे या हिशोबानं, कामगार हाकले होते. रिटायर झाल्यावर हे शास्त्र लावायचं कुठे, या विचारात असतानाच त्यांच्या आई, सत्यभामाबाई, न्हाणीत घसरल्या.

प्लास्टर निघालं, पण पाय काठीसारखा ताठच. डॉक्टर शैलजाबाईंनी स्पष्ट सांगितलं, "महिन्याभरात गुडघा काटकोनात वाकला नाही, तर मग वाकायचाच नाही. चालवा त्यांना." आईंना नर्मदा जयंतीला ग्वारीघाटाच्या पायऱ्या आपल्या पायांनी उतरायच्या होत्या. एकोणपन्नास वर्षांत एक जयंती चुकली नव्हती. पण चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपायच्या.

म्हणून बरगी गावाकडची जया आली, दहा ते पाच आईंचं सगळं करायला. पहिल्याच दिवशी नीलकंठरावांनी फ्रिजवर तक्ता चिकटवला. पगार वेगळा, त्यावर बक्षीस. शंभर पावलांना तीन रुपये. दिवसभरात आईंची एकही तक्रार नसेल तर वीस रुपये. पावलं मोजायची एक पट्टीही आणली, आईंच्या घोट्याला बांधायची.

"अहो, पण आईंना विचारलं का?" बायको विनीता शाळेत निघता निघता म्हणाली.

"फॅक्टरीत नगाला विचारत नसतात," नीलकंठराव म्हणाले.

पहिले तीन दिवस पट्टी साठ-सत्तरच्या वर सरकली नाही. चौथ्या दिवशी अकराशे! पुढच्या आठवड्यात चार हजार. आणि तक्रार? चहा पाणचट, वरणात हिंग नाही, उशी टणक, असं दिवसभर चालायचं ते सगळं बंद. आई हसतमुख. संध्याकाळी नीलकंठरावांनी "चालून दाखव बरं" म्हटलं, तर आई उशीला टेकून म्हणायच्या, "दिवसभर पाय चालवून थकली ना बाप्पा मी." खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

जया तर गुणांची खाणच निघाली. "भैयाजी, मेरी पहचान की एक दर्जिन है. पायजामा दो सौ में, एकदम मजबूत." नीलकंठरावांनी दोन घेतले आणि स्वस्तात पडले म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलं.

जया आली की ते बाहेर पडायचे आणि पाचपर्यंत त्यांची बैठक असायची बडा फुहाऱ्याच्या बाजारात, बाबारावांच्या कापडाच्या दुकानात. तिथे रोज आईंच्या पावलांचं कीर्तन.

"काल नऊ हजार झाली, बाबाराव."

"नऊ हजार? मी दुकानभर हिंडून राहिलो सकाळपासून, तरी तीन होत नाही. तुमच्या आई काय भेडाघाटले जाऊन आल्या?"

"याला म्हणतात मॅनेजमेंट. चला, डोळ्यांनी बघा."

"चला. तशी तुमची जया गिऱ्हाईक मोठी आहे हो. पायजम्याचं कापड तागेच्या तागे नेऊन राहिली."

हे शेवटचं वाक्य नीलकंठरावांनी ऐकलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच असतं.

दारातच खडखड, खडखड ऐकू आलं. आत त्यांची आई, स्वतःच्या लग्नात आलेल्या पायाच्या शिलाई मशीनवर बसलेली. पाय जोरात मशीनच्या पॅडलवर, घोट्याला पट्टी लुकलुकतेय. शेजारी जया नाडे ओवतेय, आणि पलंगावर पायजम्यांचा हा ढीग.

"आई!"

"थांब रे. पायजम्याचा पाय वाकडा जाईल."

"ही पावलं आहेत?"

"पट्टीले विचार. मोजून ते राहिली, मी नाही."

जया उभी राहिली, पण डगमगली नाही. "भैयाजी, तक्ते में कदम लिखा है. किधर जाना है, ये कहाँ लिखा है?"

"आणि तक्रार? एकही तक्रार नाही म्हणे!"

"पाय तर रोज ठणकून राहिला," आई म्हणाल्या. "पण सांगितलं असतं तर वीस बुडाले असते. त्यातले दहा माझे."

बाबाराव हसत खाली बसले. नीलकंठरावांना मात्र हसू येईना. जयंती चार दिवसांवर, महिना संपला, आणि आई एक पाऊल चालली नव्हती. हा पाय आता कायमचा गेला, आणि तो आपण घालवला, आपल्या तक्त्यानं! त्यांनी तसंच दोघींना रिक्षात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

शैलजाबाईंनी गुडघा वाकवला. मग आणखी वाकवला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काटकोनाच्याही पुढे जातोय की. कोणता व्यायाम घेतलात?"

नीलकंठरावांनी आईंकडे पाहिलं, आईंनी जयाकडे.

"पायजामा, मॅडम," जया हळूच म्हणाली.

सगळं ऐकून शैलजाबाई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "आता चार दिवस धरून धरून चालवा. पायऱ्या उतरतील." जयाला काढून टाकायचं नीलकंठरावांनी ठरवलं होतं, ते परतीच्या रिक्षातच विसरले.

संध्याकाळी विनीतानं सगळी कथा दोनदा सांगायला लावली. म्हणाली, "नगाला विचारत नसतात ना? तुमच्या घरात केवढा नग आहे, बघा आता."

जयंतीला आई ग्वारीघाट उतरल्या. एका हातात काठी, दुसरा जयाच्या खांद्यावर, एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर "नर्मदे हर" म्हणून त्यांनी पाण्यात पाय बुडवला. नीलकंठरावांचे डोळे भरून आले.

"आई, मानलं तुला," म्हणत ते दिवा सोडायला खाली वाकले.

टर्रर्र!

दोनशेचा नवा पायजामा मागून उसवला होता. जवळपासची मंडळी भक्तिभावानं दुसरीकडे बघू लागली.

आईंनी शिवण निरखून पाहिली. मग शांतपणे म्हणाल्या, "होईल दुरुस्त. शंभर टाक्यांना तीन रुपये."