तिसऱ्या हाकेचा धोंडा

आमच्या चौसाळ्याच्या दिनकरला एका हाकेत कुणी बोलावू शकत नाही. दोन हाकांतही नाही. तिसरी कानावर पडली की तो सावकाश मान वळवतो आणि म्हणतो, "बोला. म्हंजे तुमी माणूसच हायेत."

चेष्टा वाटेल, पण हा नेम तो कुठेच मोडत नाही. स्वतःची दाढ दुखते म्हणून म्हाताऱ्या वडिलांना, तात्यांना, सोबत घेऊन बीडला दवाखान्यात गेला. कंपाउंडरने दोनदा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायची त्याला काय गरज पडली होती? हा गाल धरून तसाच परत आला. बायको आता दारातूनच एका दमात "अहो-अहो-अहो" म्हणते आणि मग भाजीचं विचारते.

हे खूळ माझ्यामुळे लागलं, असं तिचं ठाम मत आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे. पुण्यात शिकताना मी एक खेळ शिकलो होतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, पेच आला की फासे टाकायचे. रविवारी संध्याकाळी दिनकरच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आम्ही बसतो. गोष्ट सांगणारा मी, किराणावाला रज्जाक जादूगार आणि दिनकर झाला धोंडा.

धोंडा हा राखाड्या लोकांपैकी. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तळ्याखाली राहणाऱ्या गारमालकांचे गुलाम होते. बंड करून सुटले. पण दिवेलागणीला मालक अजून पाण्यातून हाक मारतात. एकदाच मारतात, आणि ओ देणारा चालत जाऊन बुडतो. तीन हाका फक्त माणूस मारतो. हे सगळं दिनकरनेच रचलं, मी नुसती मान डोलावली. गुलामी तुटल्याची खूण म्हणून त्याने एक लोखंडी कडं मधोमध कापून गळ्यात घातलं आणि ते घालूनच गिऱ्हाइकाला खिडक्यांची मापं सांगू लागला.

"बे दिन्या, खजिना डोंगरात हाय. तू दर टायमाला तळ्याकडं कावून चालला?" रज्जाक वैतागायचा.

"मालकाला न्हाई म्हणतो आन मंग येतो."

आम्ही हसायचो. पण शेडमागे ज्वारीचं रान आहे आणि त्यापलीकडे एक पडीक विहीर. दिवे लागताना वारा तिकडून येतो, तेव्हा लांबून कुणीतरी "ए" म्हटल्यासारखं होतं. रज्जाक म्हणतो टिटवी आहे. टिटवी मीही ऐकली आहे. मी त्या बाजूला पाठ करून बसत नाही.

गेल्या रविवारी धोंडा अखेर तळ्याकाठी पोचला. मालकाची हाक मीच द्यायची होती. दिली, तर दिनकर म्हणाला, "असं गोळ्या बांधून दिल्यावानी नगं, भाऊ. मालकावानी मारा."

मी खेकसलो, "धोंड्या! हिकडं ये!"

शेडला लागूनच घर आहे. आतलं दार उघडलं आणि तात्या बाहेर आले. अनवाणी, हात उष्टा. हल्ली ते माणसं ओळखत नाहीत. माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"जी मालक. आलो."

रज्जाकच्या मुठीतले फासे मुठीतच राहिले.

"त्यांचं नाव धोंडिबा हाय," दिनकर हळूच म्हणाला. तात्या त्या विहिरीवाल्या मळ्यात जन्मभर सालगडी होते. मालकाने एक हाक मारली की भरल्या ताटावरून उठायचे. मालक मरून जमाना झाला, पण दिवेलागणीला तात्यांना अजून ती हाक येते आणि ते विहिरीकडे निघतात. परवाच दिनकरने त्यांना काठावरून ओढून आणलं होतं.

"सांगून ध्यानात ऱ्हात न्हाई त्यांच्या. म्हणून मीच त्यांच्यासमोर तिसऱ्या हाकेबिगर उठत न्हाई. बघून बघून तरी सवय लागंल." त्याने गळ्यातलं कडं काढून खाली ठेवलं. "तुमाला मालक समजलेत, तर सोडा त्यांना, भाऊ."

मला त्याच्याकडे बघवेना. घसा खाकरून, मालकाच्याच आवाजात म्हणालो, "धोंडिबा, तुमचं साल भरलं. आता घरी जेवा."

तात्यांनी मान वर केली. "आन हाक आली तर?"

दिनकरने ताट बाहेर आणलं आणि वडिलांना शेजारी बसवलं. "तर तिसरीची वाट बघायची, तात्या. आपल्या लोकांत तसंच हाय."

म्हातारा खाली बसला. बाहेर अंधारून येत होतं, वारा पडला होता, ज्वारीचं पानही हलत नव्हतं. तेवढ्यात विहिरीकडून हाक आली. टिटवी नव्हती. नाव अगदी स्पष्ट होतं, "धोंड्या!"

तात्यांचा हात भाकरीवर थांबला. दिनकरने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आम्ही सगळे ऐकत राहिलो.

"एकच झाली," तात्या म्हणाले, आणि त्यांनी भाकरी मोडली.