सखारामच्या मटणाची चौकशी

बमरोलीतल्या एका कापड कारखान्यात सखाराम नावाचा कामगार चालू मागावर कोसळला आणि मरण पावला. बाब गंभीर होती, कारण हातभर कापड खराब झालं. शेठजींनी तातडीने चौकशी समिती नेमली. तीत शेठजी स्वतः, त्यांचे मॅनेजर ललितभाई आणि शेठजींचे साडू असलेले एक डॉक्टर, असे तीन निःपक्षपाती सदस्य होते.

प्रश्न सखारामच्या खोलीचा होता. कामगार कामामुळे मेला, तर त्याच्या बायकापोरांनी कारखान्याच्या खोलीत राहावं. स्वतःच्या सवयीने मेला, तर खोली खाली करावी, असा नियम होता. नियम फार उदार होता. त्याचा फायदा मात्र आजवर कुणाला झाला नव्हता.

सखारामची बायको अनुसया दोन पोरींना घेऊन समितीपुढे उभी राहिली.

"नवरा काय खायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकर, साहेब. मिरचीना ठेचा."

"मटण?"

"गावले जत्राले गऊत तं. वरीसमा एक डाव."

डॉक्टरांनी शेठजींकडे पाहून मान हलवली. मृत्यूचं कारण हाती लागलं होतं.

"त्यासले खोकला व्हता, साहेब. बारा-बारा तास धुळीमा हुभा राहेत. रातभर दम लागे..."

"बेन, विषय सोडून नका बोलू," ललितभाई म्हणाले.

मग डॉक्टरांनी शास्त्र मांडलं. गेल्या काही वर्षांत मागावर मेलेले बहुतेक कामगार मांसाहारी होते. उलट ऑफिसातले सगळे शाकाहारी, आणि तिथे कुणीच मेलं नव्हतं. शेठजींचे वडील तर तुपातली घारीची मिठाई खात नव्वदीला पोचले आणि दुपारी झोपाळ्यावर पडल्या पडल्या गेले. धूळ, उकाडा आणि कामाचे तास समितीने विचारात घेतले नाहीत, कारण हे घटक कारखान्यात सर्वांना सारखेच उपलब्ध होते.

शेजारच्या मागावरचा लोटू साक्षीला आला होता. तो म्हणाला, "साहेब, गेल्या साली सुकदेव मेला. तो माळकरी. अंड्याले शिवत नव्हता. तवा तुम्हीच बोलले, मटण-अंडी खात नाही, अंगात ताकद नाही, म्हणून गेला. त्याच्या बायकोची खोलीबी गेली."

समितीने चहा मागवला. चहा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "विज्ञान पुढे जात असतं, भाई. सुकदेव न खाल्ल्याने गेला, सखाराम खाल्ल्याने. दोन्हीकडे दोष जेवणाचाच."

"मग मानसानं खावं तरी काय?"

"काहीही खावं. बेताने खावं."

"वरीसमा एक डाव, साहेब," अनुसया म्हणाली. "यानाथीन कमी कसं खावानं?"

हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा होता. खोली खाली करण्याचा हुकूम निघाला. जेवणच कामगारांच्या जिवावर उठतं हे सिद्ध झाल्यामुळे शेठजींनी माणुसकीच्या भावनेतून जेवणाची सुट्टी अर्ध्यावर आणली.

अनुसया पोरींना घेऊन नवागामला भावाच्या एकाच खोलीच्या घरात आली. तिथे आधीच सहा जण होते. शेजारणी भेटायला आल्या. ती रडत रडत सांगत होती, धूळ, खोकला, बारा तास उभं राहणं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेवटी कलाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवत हलकेच विचारलं, "पन खायापियाचं काई व्हतं का त्यासले?"

कलाबाईला हसू नका. सखाराम अडतीस वर्षांचा होता. तुमच्या ओळखीतलं कुणी या वयात गेलं की तुम्हीही आधी हेच विचारता. आणि उत्तर 'हो' आलं, की तुम्हाला जरा बरं वाटतं.