कांदळवनाचे शून्य उठविल्याची कैफियत

हुजूर, आमच्या बोका लोरो गावचे कांदळवन तुम्ही एका शून्यावर बुडवावयास काढिलेत, हे आधी कागदी चढवितो, मग तुमची खैरियत पुसतो.

हकीकत ऐसी. इक्वादोर मुलुखी, कीतो शहरी, हवामानबदलाच्या अर्थशास्त्रातील मातब्बर दोक्तोरा, म्हणजे डॉक्टरबाई, ग्रिसेल्दा आरोयो बावीस वर्षे पूर, उष्मा आणि जंगलांची मोजदाद करीत आल्या. तरुणपणी आपल्या प्रबंधात त्यांनीच एक सवाल घडविला होता, की कांदळवन राखावयास तुम्ही दरसाल किती द्याल. तो तुमच्या सरकारी दफ्तराने उचलिला आणि बोका लोरोच्या चाळीस शिंपले वेचणाऱ्या बायांस पुसिला, आणि चाळिसांनी शून्य सांगितले, मग तुम्ही फर्माविलेत की वन कवडीमोल, तोडून कोळंबीच्या तळ्यांस द्यावे.

हे वर्तमान पावताच दोक्तोरांनी बसने कूच केले, आणि घाट उतरून, नावेत बसून, शिंपलेवाल्यांची म्होरकी एउफेमिया मिना हिला चिखलात गाठिले.

"शून्य का सांगितलंत, ताई?"

"मग काय सांगू? जन्मभर गुडघे ह्या चिखलात, आणि माझ्याच चिखलाचं भाडं मी भरायचं? म्हटलं, शून्य लिही, ठळक लिही!"

"बरं, हे वन सोडायचं झालं तर किती घ्याल?"

"ऊन लागलंय बाई तुला. हा केळ्याचा गोळा खा नि गप बस. असले सवाल काढतो तरी कोण?"

"मीच काढलाय."

बाया इतक्या हसल्या की नाव डुलली.

मग दोक्तोरा कीतोस परतल्या आणि तुमच्या कचेरीच्या सात खिडक्यांवर मोर्चे लाविले. एका कारकुनाने फर्माविले की छापील नमुन्यात नकारास रकाना नाही. दुसऱ्याने, की रकान्यास वरिष्ठांची सही लागते. आणि वरिष्ठ जेवावयास गेलेले. दोक्तोरांनी त्यांच्या दारी ठाण मांडिले आणि बावीस वर्षांची अब्रू पणास लावून लिहून दिले की सवाल माझा, चूकही माझी. बायांनी वनाची किंमत केली नाही, सवालच धुडकाविला. वरिष्ठ ढेकर देत आले, वाचते जाहले, आणि त्यांनी चाळीस शून्ये खोडवून चाळीस आडव्या रेघा, म्हणजे जबाब नाकारिल्याची खूण, मारविल्या. कोळंबीच्या तळ्यांचा परवाना तीन महिने तहकूब जाहला. विद्यापीठात दोक्तोरांच्या जुन्या प्रबंधास हसतात, हसोत. मुक्काम कीतो, मंगळवार, तिसरा प्रहर, फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे.

आता हुजूर, मुदत सरण्याआधी बोला. वन राखावयाचे किती द्याल, हे चाळीस बायांस पुसिलेत. तोडावयाचे किती देशील, हे कोळंबीवाल्यास कोणी पुसिले? जबाब लेखी हवा.